तेविसावा तुकडा

वय एकसष्ट झालं तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. दादाने तिला पहिल्यांदा आपल्या वाद्यमंडळात आणून बसवलं तेव्हा ओळख करून देताना तो एवढंच म्हणाला होता, "ही माझी धाकटी. हिला कंटाळा येत नाही." पुढे मंडळातली माणसं बदलली, उरलेल्यांचे केस पिकले, दोघं तर वारलीही, पण ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

पोटापाण्यासाठी धाकटी कवळ्या करायची. दातांच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे, जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल होतं. मेण तापवायचं, साच्यावर थापायचं आणि त्यात चौदा दात वरचे, चौदा खालचे असे एकेक करून बसवायचे. चिमट्याने एखादा जरा आत, एखादा जरा बाहेर. पुढचा दात केसभर सरकला तरी बोलताना शिट्टी वाजते, हे तिला डोळे मिटूनही कळायचं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तिने हसू परत दिलं होतं, पण त्यातला एकही रस्त्यात भेटला तर तिला ओळखता आला नसता. तिच्या ओळखीचे असायचे ते फक्त जबडे.

दादा तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. तरुणपणी तो दिवसा लोकांचं घरसामान हलवायचा, पलंग आणि कपाटं पाठीवरून जिने चढवायचा, आणि उरलेल्या वेळात असं संगीत रचायचा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटावं, तबकडी अडकली. पाच स्वरांचा एक तुकडा. तो पुन्हा, पुन्हा, परत पुन्हा. मग त्यात एक स्वर वाढायचा, की तो सहाचा तुकडा घोळत राहायचा. दोन ऑर्गन, दोन सॅक्सोफोन, एक बासरी, एक गाणारी बाई, आणि सगळं स्पीकरमधून इतक्या मोठ्याने की छातीची फासळी थरथरावी. ज्याचा कान लागायचा त्याचा लागायचा. ज्याचा लागायचा नाही त्याचं डोकं उठायचं. पहिला कार्यक्रम रंगाच्या एका रिकाम्या गोदामात झाला, ऐकणारे जमिनीवर बसले होते आणि होते एकूण अकरा. त्यातले चार मध्येच उठले. चौथ्याने जाता जाता भिंतीतली मुख्य वायरच उपसली, तरी दादा मुक्या पट्ट्यांवर शेवटपर्यंत वाजवत राहिला.

संगीत शिकलेले वादक दादाकडे टिकत नसत. दोन तालमी झाल्या की त्यांना घरची कामं आठवायची. म्हणून त्याने कवळ्या करणाऱ्या बहिणीला ऑर्गन शिकवला. दिवसभर एकाच जबड्यात डोकं घालून बसणाऱ्या बाईला नऊ स्वर हजार वेळा वाजवायचं काय जड जाणार? धाकटीला आधी ही थट्टाच वाटली. पण वाजवता वाजवता तिला ते संगीत आवडायला लागलं, आणि तिला आयुष्यात फार गोष्टी आवडल्या नव्हत्या, त्यामुळे ती त्याला घट्ट धरून बसली.

मंडळात नियम एकच होता. मुख्य रचनेत बासष्ट तुकडे होते, पण कोणता किती वेळा वाजवायचा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते दादाने त्या त्या दिवशी, हवा बघून, माणसं बघून ठरवायचं. त्याचे हात ऑर्गनवर गुंतलेले, म्हणून तो मान हलवायचा. एकदा, खाली आणि वर. मान हलली की चालू आवर्तन पुरं करायचं आणि सगळ्यांनी एकदम पुढच्या तुकड्यावर जायचं. मान हलली नाही तर तिथेच राहायचं, मग हात मोडो की दम सुटो. एकदा एक सॅक्सोफोनवाला खूण मिळण्याआधीच पुढे गेला होता. कार्यक्रम संपल्यावर दादाने त्याचा कोट त्याच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. बाकीच्यांनी त्यानंतर डोळ्यांची उघडझापही जपून केली.

धाकटीने तर चाळीस वर्षांत दादाआधी एक स्वर टाकला नव्हता. समोर ऑर्गनच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या आणि शेजारी दादाची मान. तिचं अर्धं आयुष्य त्या मानेकडे बघण्यात गेलं.

मग दादा विसरायला लागला.

आधी शब्द, मग गल्ल्या, मग माणसं. एका सकाळी तो एकावर एक तीन शर्ट घालून आला आणि आई कुठे गेली म्हणून विचारायला लागला. आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, बराच वेळ फोटोंकडेच बघून बोलले आणि म्हणाले, हे आता वाढतच जाणार. त्या दिवशी मात्र दादाचं डोकं लख्ख होतं. बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "धाकटे, पन्नास वर्षं होतायत आपल्या पहिल्या रचनेला. मोठ्या सभागृहातून विचारणा आलीय. तो एक कार्यक्रम मला पुरा करू दे. माझा मी. आणि तोवर कुणाला कळू देऊ नकोस. लोकांना कळलं ना, तर टाळ्या कीव म्हणून वाजतील. मला तसल्या टाळ्या नकोत."

तिने शब्द दिला. द्यायला नको होता, पण पायरीवर बसलेल्या दादाला नाही म्हणण्याची तिची छाती नव्हती.

तालमी एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये व्हायच्या. तिथे दोन्ही ऑर्गन शेजारी शेजारी असायचे, मध्ये वीतभर जागा. पहिल्यांदा दादा एका तुकड्यावर अडकला, खूण द्यायची असते हेच विसरला, तेव्हा सगळं मंडळ त्याच तुकड्यावर घोळत राहिलं. काय करावं ते न सुचून तिने खाली बुटाच्या टोकाने त्याचा बूट दाबला. दादाची मान लगेच हलली. कुणाला काही कळलं नाही. तेव्हापासून तसंच चाललं. आठ महिने सगळं मंडळ ज्या मानेकडे जीव डोळ्यांत आणून बघत होतं, ती मान धाकटीच्या बुटावर चालत होती. "दादा अजून कसे तल्लख आहेत!" असं बासरीवाली म्हणाली की धाकटी वायर गुंडाळायला खाली वाकायची.

घरी मात्र असा बूट दाबून भागत नव्हतं. दादाने दोनदा गॅस उघडा टाकला. एकदा कडाक्याच्या थंडीत मोज्यांवर बाहेर पडला आणि बसच्या थांब्यावर सापडला. एकदा तर चोर समजून तिलाच जिन्यावरून ढकललं. खांद्यावरचा काळानिळा डाग महिनाभर राहिला. शेवटी ती त्याला घरात कोंडून, बाहेरून कुलूप लावून कामाला जायला लागली. कुलूप फिरवताना आतून तो विचारायचा, "कोण आहे?" आणि ती उत्तर न देता जिना उतरायची. मेणात दात बसवताना दिवसभर तिला तो आवाज ऐकू यायचा. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

वृद्धाश्रमात, जिथे असल्या माणसांना सांभाळतात तिथे, एक खाट रिकामी झाली. त्यांनी कळवलं, सोमवारी सकाळी दहाला गाडी पाठवतो, सोमवार चुकला तर खाट दुसऱ्याला जाईल. कार्यक्रम आदल्या दिवशी, रविवारी दुपारी चारला होता. धाकटीने होकार कळवला आणि मग तीन आठवडे रोज सकाळी ठरवलं की आज दादाला सांगायचं. रोज ते उद्यावर ढकललं. पन्नास वर्षं एका घरात राहिलेल्या माणसाला, सोमवारी तुला न्यायला येतायत, हे कसं सांगतात, ते तिला शोधूनही सापडेना.

रविवारी दोन वाजता मंडळ सभागृहात पोचलं आणि रंगमंच बघून धाकटी दारातच थांबली. सभागृहाच्या लोकांनी हौसेने मांडणी केली होती. दोन उंच चौथरे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि त्यांवर दोन ऑर्गन समोरासमोर. मध्ये दहा पावलांचं अंतर. बाकीचे वादक मधल्या अर्धगोलात.

"हे शेजारी घ्या ना," ती रंगमंचाच्या व्यवस्थापकाला म्हणाली.

"अहो, का? किती छान दिसतंय बघा. तुमचे बंधू अगदी समोर दिसतील तुम्हाला."

"आम्हाला शेजारी बसायची सवय आहे."

"ताई, दिवे लावून झालेत, वायरी जमिनीला चिकटवल्यात. आता हलवायचं म्हणजे सगळंच उपसावं लागेल. तसं काही खास कारण आहे का?"

कारण तिच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर चार माणसांनी पाच मिनिटांत ऑर्गन उचलून शेजारी ठेवले असते. पण मंडळी आजूबाजूला उभी होती. जुना सॅक्सोफोनवाला, ज्याला सगळे लंब्या म्हणत, तोंडात सॅक्सोफोनची पट्टी ओली करत तिच्याकडेच बघत होता.

"नाही," धाकटी म्हणाली. "कारण काही नाही."

शब्द पाळण्याचंही एक खूळ असतं आणि ते खूळ या बाईच्या हाडीमाशी खिळलेलं होतं, त्याला कोण काय करणार! ती चौथऱ्यावर जाऊन बसली. तिथून दादा पूर्ण दिसत होता. पांढरा शर्ट, विंचरलेले केस, मांडीवर हात. देखणा दिसत होता. तिच्या बुटाशेजारी आज दुसरा बूट नव्हता.

सभागृह गच्च भरलं. पहिल्या अकरांतले दोघं म्हणे आले होते. चारला दिवे मंद झाले आणि दादाने पहिला तुकडा सुरू केला.

हात विसरले नव्हते. पाच स्वर स्वच्छ, मोत्यासारखे पडायला लागले आणि मंडळ त्यात मिसळलं. एक मिनिट गेलं, दोन गेली. आणि मग दादाची मान हलली. खाली, वर. आपली आपण!

सगळे दुसऱ्या तुकड्यावर गेले. मग तिसऱ्या. मान हलत होती, नेमक्या जागी, जुन्या रुबाबात. सातव्या तुकड्याला धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पंधराव्याला तिला वाटलं, डॉक्टरांना काय कळतंय! याला घरात कोंडून ठेवला म्हणून बिघडला. याला असंच रोज वाजवायला बसवलं असतं तर झालं असतं. विसाव्या तुकड्याला तिने मनाशी ठरवूनच टाकलं की उद्या सकाळी फोन करून सांगायचं, गाडी पाठवू नका, खाट द्या कुणालाही. इतकी आनंदात ती कितीतरी वर्षांत नव्हती.

तेविसावा तुकडा नऊ स्वरांचा. तिथे पोचले तेव्हा मागच्या दारावरच्या घड्याळात चार एकतीस झाले होते. दादा हा तुकडा नेहमीच लांबवायचा, चार मिनिटं, कधी पाच.

चार छत्तीस झाले. मग चार चाळीस.

दादा वाजवत होता. मान ताठ. धाकटीने भुवया उंचावल्या, मग हनुवटी पुढे काढली, खाकरली, चौथऱ्यावर टाच आपटली. स्पीकरच्या त्या गजरात टाचेचा काय पाड? दादाने तिच्याकडे बघितलं आणि तो हसला. ते हसू तिला ओळखीचं होतं. सकाळी स्वयंपाकघरात येऊन, "अरे, कोण आलंय?" विचारताना तो असाच गोड हसायचा.

चार पन्नास. लोक उठायला लागले. आधी एकेकटे, वाकून, मग जोडीजोडीने. एक दाढीवाला पहिल्या रांगेत डोळे मिटून डोलत होता. त्याला वाटत होतं, हीच ती महान गोष्ट. गाणाऱ्या बाईचा आवाज फाटला, ती दोन आवर्तनं गप्प बसली आणि पुन्हा घुसली. बासरीवालीचे ओठ पांढरे पडले होते. लंब्या वाजवता वाजवता धाकटीकडे बघत होता आणि त्याचे डोळे विचारत होते, काय चाललंय? पण पुढे कुणी गेलं नाही. कुणी जाणारही नव्हतं. चाळीस वर्षं दादाने त्यांना जे शिकवलं होतं ते आता त्यांच्या नरड्याशी आलं होतं, तरी ती बिचारी माणसं त्या नऊ स्वरांत गोल गोल फिरत राहिली.

धाकटीच्या मनगटात कळा येत होत्या. खूण ती देऊ शकत होती, सगळ्यांना दिसेल अशी. पण ती दिली की संपलं. सगळ्यांना कळणार, दादाचं झालं. वायर उपसली गेली तरी न थांबलेला माणूस शेवटी भर सभेत बहिणीने थांबवला, असं होणार. आणि खरं सांगायचं तर तिला दुसरीही भीती होती, आणि ती जास्त मोठी होती. हा तुकडा संपला की पुढचा, मग त्याच्या पुढचा, मग बासष्टावा, आणि मग सोमवार. हा तुकडा बदलला नाही तर सोमवार येणार नव्हता. मूर्खपणा होता, तिलाही कळत होतं. तरी ती वाजवत राहिली. चालू दे, तिच्या मनात येत होतं, चालू दे, मरू दे सगळे, दादा तिथे आहे, पांढऱ्या शर्टात आहे, हसतोय.

पाच वाजून चार मिनिटांनी लंब्याच्या हनुवटीवर रक्ताची बारीक रेघ आली. आणि त्याच सुमारास दादाचं हसू गेलं.

त्याची बोटं दमली होती. कपाळावरून घाम नाकावर उतरला होता. तो मान वळवून एकेकाकडे बघायला लागला. आधी लंब्याकडे, मग बासरीवालीकडे, गाणाऱ्या बाईकडे, परत लंब्याकडे. त्याचे डोळे प्रत्येकाच्या कपाळावर, हनुवटीवर थांबत होते. घाबरलेले, लाचार डोळे. धाकटीला आधी कळेना तो काय शोधतोय. मग कळलं. तो खूण शोधत होता. खूण आपणच द्यायची असते हे तो विसरला होता, पण खूण मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम त्याच्या लक्षात होता. या सगळ्यांत आपल्याला सोडवणारा कोण, ते त्याला सापडत नव्हतं.

फिरत फिरत त्याची नजर तिच्यावर आली.

धाकटीने मान हलवली. खाली आणि वर, अगदी त्याच्यासारखी.

सगळ्या मंडळाने ते बघितलं. लंब्याचे डोळे विस्फारले. पण दादाने आवर्तन पुरं केलं आणि नेमक्या जागी, अलगद, चोविसाव्या तुकड्यावर गेला. बाकीचे अर्धा स्वर मागे राहिले. त्याच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसत होती की धाकटीला बघवेना. पण मान फिरवायची सोय नव्हती. दादा आता डोळ्याची पापणी न हलवता तिच्याकडे बघत होता, चाळीस वर्षं ती त्याच्याकडे बघत होती तसा. तिने पंचविसाव्याची खूण दिली. मग सव्विसाव्याची. एकेका खुणेबरोबर ती त्याला पुढे नेत होती आणि पुढे काय आहे ते फक्त तिला ठाऊक होतं. एकदाही तो चुकला नाही. त्याच्यासारखा वादक त्या मंडळाला कधी मिळाला नव्हता.

बासष्टावा तुकडा संपला. जे उरले होते ते उभे राहिले. दाढीवाला हुंदके देत होता. त्या टाळ्यांत कीव होती की नव्हती, देव जाणे. धाकटीला ऐकू येत नव्हत्या. मंडळातलं कुणीच वाकून नमस्कार करायला पुढे गेलं नाही. लंब्या रुमाल तोंडाला लावून उभा होता आणि त्याला सगळं समजलं होतं.

दादा चौथऱ्यावरून हळू उतरला, ती दहा पावलं चालत आला आणि तिच्या ऑर्गनसमोर उभा राहिला. घामेजले तळवे त्याने पँटला पुसले. नवीन वादक पहिल्या तालमीनंतर त्याच्यापुढे असेच उभे राहायचे.

"बाई," तो अदबीने म्हणाला, "जमलं का माझं? मध्ये जरा वेळ लागला. माझंच लक्ष नसेल. खूण निसटली असेल माझी."

"नाही," धाकटी म्हणाली. "खूणच उशिरा आली. तुमचं बरोबर होतं."

"मग उद्या परत बोलवाल ना? मी वेळेवर येतो. उशीर करायची सवय नाही मला."

लंब्याने तोंड फिरवलं. तीन आठवडे धाकटीला जे वाक्य सापडत नव्हतं, ते तिच्या पुढ्यात आयतं येऊन पडलं होतं. ते उचलताना तिला स्वतःची शिसारी आली.

"उद्या दहाला गाडी येईल तुम्हाला न्यायला," ती म्हणाली. "तयार राहा."

"दहाला," दादा म्हणाला. तो खूश झाला होता. मग जरा घुटमळला. "तिथे समोर तुम्हीच असाल ना? मला तुमची खूण नीट दिसते."

धाकटीने मान हलवली. दादाने ती खाली जाऊन वर येईपर्यंत लक्ष देऊन बघितली, आणि कोट शोधायला गेला.